आपोआप बरे होणाऱ्यांची मोजणी

२३ जून २०२० रोजी पतंजली आयुर्वेद या कंपनीने हरिद्वार येथे ‘कोरोनिल’ या औषधाची घोषणा केली. टाळेबंदी नुकतीच सैल झाली होती, लस कुठे दृष्टिपथातही नव्हती आणि खोकल्याची साधी ढास लागली तरी घरातली माणसे एकमेकांकडे भीतीने पाहत होती. अशा दिवसांत देशाने दोन आकडे ऐकले : तीन दिवसांत ६९ टक्के रुग्ण बरे, सात दिवसांत शंभर टक्के. ही चाचणी हरिद्वारला नव्हे, तर जयपूरच्या निम्स विद्यापीठाच्या रुग्णालयात झाली होती.

पुढचा गदारोळ अनेकांच्या स्मरणात असेल. त्याच दिवशी केंद्रीय आयुष मंत्रालयाने तपशील मागवला आणि तोवर जाहिरात थांबवण्यास सांगितले. उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांनी खुलासा केला, की परवाना प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या आणि ताप-खोकल्यावरच्या औषधासाठी दिला होता; अर्जात कोरोनाचा उल्लेखच नव्हता. महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी जयपूरच्या चाचणीविषयी शंका घेऊन राज्यात विक्री होऊ देणार नाही असे जाहीर केले. जयपुरात पोलिसांकडे फिर्यादही दाखल झाली. आठवडाभरात कंपनीने आपण रोग बरा करण्याचा दावा केलाच नव्हता अशी भूमिका घेतली आणि कोविड बरा करणारे औषध म्हणून नव्हे, तर प्रतिकारशक्तीसाठी म्हणून विक्रीला वाट मिळाली.

या भांडणात एक आकडा मात्र मागेच राहिला. जयपूरच्या चाचणीचा निबंध २०२१ साली ‘फायटोमेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चाचणी पूर्ण केलेले ९५ रुग्ण. त्यांपैकी ४५ जणांना गुळवेल, अश्वगंधा, तुळस आणि श्वासारि रस यांची योजना, तर ५० जणांना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली मात्रा, म्हणजे प्लासिबो. सातव्या दिवशी औषध घेणारे सर्वच्या सर्व विषाणुमुक्त आढळले. आणि काहीच न घेणारे? त्यांच्यापैकी ६० टक्के. तिसऱ्याच दिवशी त्यांतील निम्मे मोकळे झाले होते.

गंभीर रुग्णांना या चाचणीत घेतलेच नव्हते, त्यामुळे औषधाने जीव वाचतो का, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळणे शक्यच नव्हते. रुग्ण थोडे, केंद्र एकच, आणि चाचणीला पाठबळ औषध बनवणाऱ्यांच्याच संशोधन संस्थेचे. दोन गटांतला फरक मोठा दिसतो हे खरे. पण एवढ्याशा चाचणीतला मोठा फरक म्हणजे मोठी चाचणी करण्याचे निमित्त, जाहिरातीचे नव्हे. तरीही त्या ५० जणांचे मोल मोठे आहे. ते नसते तर शंभर टक्क्यांचा अर्थ कोणालाच लावता आला नसता.

मोजून पाहण्याचा हट्ट जयपूरला नवा नाही. हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात पोर्तुगालला माणसे धाडून युरोपातील ग्रहगणिताची कोष्टके मागवली. पॅरिसच्या ला हीर या ज्योतिर्विदाची ती कोष्टके त्याने आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राचे स्थान सुमारे अर्ध्या अंशाने चुकते असे नोंदवून ठेवले. त्याच्या दरबारातले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित. टॉलेमी आणि युक्लिड यांचे ग्रंथ अरबीतून संस्कृतात त्यांनीच आणले. परक्या विद्येवर शंका घेण्याचा अधिकार या दोघांनी वेध घेऊन कमावला होता. वैद्यकात मात्र असे वेध घेणे फार कठीण. ग्रह आपोआप बरे होत नाहीत, रोगी होतात.

निसर्गोपचाराचे सगळे बळ या एकाच गोष्टीत आहे. शरीर स्वतःला बरे करते, वैद्याने फक्त आड येऊ नये, हा विचार एकोणिसाव्या शतकातील युरोपात जोमाने फोफावला, आणि त्याला सबळ कारण होते. त्या काळचे रूढ वैद्यक खरोखरच आड येत होते. न्यूमोनिया झाला की रक्त काढ, ताप आला की पाऱ्याचे रेचक दे, असा तो कारभार. पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टराने न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांची टिपणे मांडून पाहिली आणि लवकर रक्त काढलेल्यांमध्ये उशिरा काढलेल्यांपेक्षा मृत्यू अधिक आहेत असे १८३५ साली दाखवले. डॉक्टरांवर अविश्वास दाखवणारा माणूस त्या काळी मुळीच अडाणी नव्हता. पाण्याच्या टबात बसवून रोग बरे करू पाहणारा लाइपझिगचा लुई कुहने किंवा ओल्या मातीचे गुण सांगणारा अ‍ॅडॉल्फ जुस्ट यांच्याकडे गेलेला रोगी निदान पाऱ्याच्या विषातून सुटत होता.

परंतु लुईच्या वहीतून निघालेली वाट आणि कुहनेच्या टबातून निघालेली वाट पुढे वेगळ्या झाल्या. शरीर आपोआप बरे होते हे दोघांनाही मान्य. त्यावरून मोजणाऱ्याने असा निष्कर्ष काढला, की मग उपचार न केलेल्यांनाही मोजले पाहिजे. टबवाल्याने काढला तो असा, की मग मोजायचे कशाला?

जयपूरच्या बापूनगर भागात निसर्गोपचाराचे रुग्णालय आहे. ज्या बापूंचे नाव त्या वस्तीला लाभले, त्यांनीच कुहने आणि जुस्ट यांचे उपाय हिंदुस्थानात घरोघरी पोहोचवले, आणि या दोन वाटांमधली ओढाताण त्यांच्या आयुष्यात जितकी उघडपणे दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

१९०४ साली जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला. नगरपालिकेने एक रिकामे गोदाम दिले, एक परिचारिका दिली आणि रुग्णांना पाजण्यासाठी ब्रँडी दिली. २३ रुग्ण होते. गांधीजींनी डॉ. विल्यम गॉडफ्रे यांच्या अनुमतीने, ब्रँडी नको म्हणणाऱ्या तिघांच्या डोक्यावर आणि छातीवर ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवल्या. त्यांतले दोघे वाचले. बाकीचे वीस जण त्या गोदामातच गेले. शुश्रूषा करणारी परिचारिकाही प्लेगनेच दगावली.

हे आकडे जाहिरातदाराच्या हाती पडले असते तर? एकीकडे तिघांतले दोघे, दुसरीकडे विसांतला एकही नाही. पण गांधीजींनी आत्मकथेत जे लिहिले ते वेगळेच आहे. ते दोघे कशाने वाचले हे सांगता येणार नाही, असे ते म्हणतात. या अनुभवाने मातीवरची आपली श्रद्धा वाढली आणि ब्रँडीविषयीची शंका बळावली, हे कबूल करतात. आणि दोहोंना भक्कम आधार नाही, हेही त्याच ओघात सांगून टाकतात. त्यांनी तिघांना निवडले नव्हते, ते तिघे आपणहून तयार झाले होते. कदाचित त्यांची प्रकृतीच इतरांपेक्षा बरी असेल. निवडीतली ही खोट टाळण्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची रीत वैद्यकात रुळायला पुढे चाळीसहून अधिक वर्षे लागली. तिची गरज कुठे पडते, ती जागा मात्र एका वकिलाला प्लेगच्या गोदामात दिसली होती.

हा संयम त्यांना सदैव साधला असे नाही. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टरांवरचे प्रकरण जळजळीत आहे. माणूस अतिखातो, अपचन होते, डॉक्टर गोळी देतो, आणि गोळीच्या भरवशावर माणूस पुन्हा अतिखातो. म्हणून डॉक्टर हा दुर्गुणांचा पाठीराखा ठरतो, असा तो युक्तिवाद. जीवनशैलीमुळे होणाऱ्या आजारांविषयी आजचे डॉक्टर जे बोलतात त्याच्याशी तो बराचसा जुळतो. पण देवी, प्लेग, क्षय हे रोग खादाडांनाच होत नाहीत, आणि तिथे तो युक्तिवाद मोडून पडतो.

मग पुणे आले. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या पोटात दुखू लागले. निदान आंत्रपुच्छाच्या दाहाचे निघाले आणि त्यांना ससून रुग्णालयात हलवण्यात आले. मुंबईच्या डॉक्टरांना बोलावण्याइतकी सवड नव्हती. श्रीनिवास शास्त्री यांनी संमतीचे निवेदन लिहिले, गांधीजींनी त्यावर सही केली आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ससूनमधील ती खोली आजही जपून ठेवलेली आहे. रुग्णालयांना पापाची घरे म्हणणारा माणूस इंग्रज सर्जनच्या सुरीखाली निजला, याची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. गांधीजींनी तत्त्व वाकवून समर्थन शोधले नाही. या देहात जगण्याची इच्छा होती, ती आपली दुर्बलता, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले.

वीस वर्षांनी त्याच पुण्यात प्रश्न स्वतःच्या देहाचा राहिला नाही. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबांची प्रकृती १९४४ च्या फेब्रुवारीत ढासळली. त्यांच्या खाटेभोवती त्या वेळी देशातील सारी वैद्यके एकत्र आली होती : डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर हे आधुनिक वैद्यकाचे, पंडित शिव शर्मा आयुर्वेदाचे, पुण्याचे डॉ. दिनशा मेहता निसर्गोपचाराचे. सरकारने वैद्यांना परवानगी देण्यात दिरंगाई केली, ही खंत निराळीच. शेवटी कलकत्त्याहून पेनिसिलिन आले. धाकटे चिरंजीव देवदास ते देण्याच्या बाजूचे होते. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल असे कळल्यावर गांधीजींनी नकार दिला; जाणाऱ्या जिवाला यातना नकोत, ही त्यांची धारणा. २२ फेब्रुवारीच्या सायंकाळी कस्तुरबा गेल्या. पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या काय, हे कोणालाही सांगता येणार नाही. हृदय आधीच थकले होते. एका रुग्णाला तुलनेचा गट नसतो. घरच्या माणसांना निर्णय मात्र त्या एका रुग्णाविषयीच घ्यावा लागतो.

यानंतर दोन वर्षांनी, मार्च १९४६ मध्ये, गांधीजींनी पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले. आधी ते पुण्यातच, दिनशा मेहतांच्या चिकित्सालयात चालवायचे ठरले होते. पण गरीब माणूस शहरातल्या संस्थेत येणार नाही, आपणच त्याच्याकडे गेले पाहिजे, हे ध्यानात येताच त्यांनी तो बेत मोडला आणि आपल्या मूर्खपणाची जाहीर कबुलीही दिली. उरुळीत त्यांचा मुक्काम जेमतेम आठवडाभराचा. रामनाम, मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, उन्हात बसणे, माफक आहार, गावाची स्वच्छता : त्यांची चिकित्सा एवढीच. त्यातली स्वच्छता आणि मिताहार या गोष्टींवर आज कोणताही डॉक्टर डोळे मिटून सही करील. मागे राहिलेल्या मणिभाई देसाईंनी तो आश्रम उभा केला, आणि पुढे त्याच मणिभाईंनी ‘बाएफ’ संस्थेमार्फत संकरित गाई आणि कृत्रिम रेतनाचे आधुनिक तंत्र खेड्यापाड्यांत नेले. विज्ञानाशी वैर त्यांना परवडणारे नव्हते आणि त्यांनी ते धरलेही नाही.

हवा, विश्रांती आणि आहार यांच्या सामर्थ्याची खरी कसोटी लागली ती मद्रासमध्ये. क्षयावर औषध नव्हते तेव्हा डॉक्टरही निसर्गोपचारच करीत. त्याला सॅनिटोरियम म्हणत. पाचगणीची हवा, मिरजेजवळच्या वानलेसवाडीतील आरोग्यधाम, दूध, अंडी आणि महिनोन्‌महिने पडून राहणे, हे जुन्या पिढीतील कितीतरी कुटुंबांनी पाहिले आहे. ज्यांना ते परवडत नसे ते घरीच झिजत. औषधे आल्यावर प्रश्न निघाला : त्यांच्या जोडीला ही हवा आणि हा आहार हवाच का? मद्रासच्या क्षय केंद्रात १९५६ साली १९३ रुग्णांचे, कोणाच्याही मर्जीवर न सोपवता, दोन गट करण्यात आले. एक गट सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरांत. औषधे दोघांनाही सारखी, मुदत एक वर्ष. घरचे रुग्ण कमी आणि निकृष्ट अन्न खात होते, कामेही करीत होते. वर्षाअखेर समाधानकारक सुधारणा सॅनिटोरियममध्ये ९२ टक्के, घरी ८६ टक्के. फरक इतका थोडा, की त्यासाठी माणसाला संसारापासून तोडण्याचे कारण उरले नाही. घरातल्या इतरांना त्यामुळे अधिक लागण झाली असेही आढळले नाही. जगभरातील सॅनिटोरियमे ओस पडण्यामागे मद्रासचा हा अभ्यास एक मोठे कारण ठरला.

वनस्पतीच्या औषधाला आधुनिक वैद्यकाने दार लावले असे म्हणावे, तर मुंबईचे उदाहरण आड येते. सर्पगंधा ही आयुर्वेदातील जुनी मुळी. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिचा उपयोग करून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले, आणि अल्पावधीत ती मुळी जगभर पोहोचली. तिच्यातून वेगळ्या काढलेल्या रिसर्पिनने रक्तदाबाच्या उपचाराचे एक नवे पर्व सुरू केले. काही रुग्णांना त्याने खिन्नता येते अशी तक्रारही पुढे नोंदवली गेली. मोजले की गुणांबरोबर दोषही वहीत येतात.

आणि रूढ वैद्यकाचे काय? साध्या सर्दीवर अँटिबायोटिक लिहून देणारा डॉक्टर आपोआप बरे होण्याचे श्रेय तितक्याच सहजतेने घेत असतो. ज्या २०२० साली कोरोनिलवर टीकेचे मोहोळ उठले, त्याच साली पुण्या-मुंबईत आणि जयपुरातही नातेवाईक प्लाझ्मा देणारा दाता मिळावा म्हणून समाजमाध्यमांवर रात्रंदिवस हाका घालीत होते. त्या उपचाराची शिफारस मोठमोठी रुग्णालये करीत होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर तुलना करून पाहिली. प्लाझ्मा मिळालेल्यांतील १५ टक्के दगावले, न मिळालेल्यांतील १४ टक्के. निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये, दुसरी लाट शिगेला पोहोचल्यावर. मधल्या सात महिन्यांत किती कुटुंबे दात्याच्या शोधात धावली असतील, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही. विलंब अक्षम्य होता. पण शेवटी तुलनेपुढे हार मानावी लागली.

जयपूरच्या प्रकरणाने वेगळे वळण घेतले. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीत, केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या उपस्थितीत, कोरोनिलचा पुन्हा गाजावाजा झाला. कोविडसाठी कोणत्याही पारंपरिक औषधाच्या परिणामकारकतेचे परीक्षण आपण केलेले नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेला स्पष्ट करावे लागले. मे महिन्यात रामदेव यांची आधुनिक वैद्यकावरील विधाने गाजली. आरोग्यमंत्र्यांनीच पत्र लिहिल्यावर त्यांनी ती मागे घेतली. २०२२ साली इंडियन मेडिकल असोसिएशनने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती न थांबल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अवमानाची नोटीस काढली, वर्तमानपत्रांतून क्षमायाचना छापून आल्या, आणि ती माफी जाहिरातींएवढीच मोठी होती का, असेही न्यायपीठाने विचारले. ऑगस्टमध्ये माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण मिटवण्यात आले.

या साऱ्यात सर्वाधिक अन्याय झाला तो कदाचित आयुर्वेदावरच. जयपुरातच राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान आहे. १९७६ पासून ते चालत आले आहे आणि २०२० च्या नोव्हेंबरात त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गुळवेल आणि अश्वगंधा यांविषयी संथपणे, मोठ्या गटांवर, वर्षानुवर्षे काम करण्याची जागा ती. पण त्या वनस्पतींची नावे लोकांच्या कानी पडली ती कोर्टकज्जाच्या बातम्यांतून.

दिल्ली उच्च न्यायालयात डॉक्टरांच्या संघटनांनी स्वतंत्र दावा लावला होता. कोरोनिल हे कोविड बरे करणारे औषध आहे अशा आशयाचा मजकूर काढून टाकावा, असा आदेश त्या न्यायालयाने २९ जुलै २०२४ रोजी दिला. त्यासाठी मुदत दिली तीन दिवसांची.